सारवलेल्या अंगणातला अ‍ॅस्टर

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये अ‍ॅस्टर पहिल्यांदा कोणी लावला, असा वाद कधी निघालाच तर वाद घालणाऱ्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा. मी लावला. पुढे आमच्या लाइनीत दारोदार ती निळी-जांभळी फुलं डुलायला लागली, तेव्हा ज्या बायकांनी आधी नाकं मुरडली होती त्याच आता पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे पहिल्यापासून आहे हो हे झाड!" सांगू देत बापड्यांना. मूळ कुणाच्या मांडीवरून आलं ते मला ठाऊक आहे.

आणि अ‍ॅस्टर म्हणजे तुम्ही बाजारात बघता, हारात ओवतात, तो नव्हे. तो बी पेरून येतो, एकदा फुलतो आणि संपतो. माझा बारमाही. नवरात्राच्या सुमाराला फुलायला लागतो, थंडीभर फुलतो, मग वरचा सगळा पसारा वाळून जातो आणि नुसत्या काड्या उरतात. बघणाऱ्याला वाटतं, मेला. पण मेलेला नसतो. बुडाशी, मातीच्या आतबाहेर, बोटाएवढे हिरवे फुटवे धरून तो गप्प बसलेला असतो. त्याला तेवढे दिवस घोट घोट पाणी घालत राहायचं आणि दम धरायचा. दम धरणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या एका झाडासाठी मी तोही धरला.

झाड माझ्या वडिलांचं. ते पुण्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. इंग्रज निघून चालले होते त्या दिवसांत लष्करातल्या एका बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी तिथून खुर्च्या आणल्या, आरसे आणले, कपबश्या आणल्या. आमचे वडील गेले आणि त्या बंगल्याच्या माळ्याकडून ओल्या गोणपाटात मुळं बांधून घेऊन आले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते, "निदान एक कपबशी तरी आणायचीत!" असं बोलली. पण त्या दिवाळीत आमच्या भाड्याच्या घरापुढे जे काही फुललं, ते बघायला पेठेतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. वडील दारात पंचा लावून उभे असायचे आणि कुणी विचारलं की नाही याची वाट न बघता माहिती द्यायला सुरुवात करायचे. माझा हा सगळा मिरवण्याचा गुण त्यांचाच.

स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील, माझं लग्न झालं. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर, राहायला कारखान्याचं क्वार्टर, घरात सासूबाई आणि मामंजी. सासरी निघताना वडिलांनी माझ्या मांडीवर ओल्या गोणपाटाची गाठोडी ठेवली. म्हणाले, "पाणी साचू देऊ नकोस. दर वर्षी उकरून वेगळं करायचा आळस करू नकोस. मधलं म्हातारं बूड काढून टाकायचं, कडेची पोरं लावायची. एवढं केलंस तर मी गेल्यावरसुद्धा राहील." मी म्हटलं, "आज तरी अभद्र बोलू नका हो!" आणि रडले. शालू चिखलानं बरबटला तो वेगळाच.

सासूबाईंनी उंबऱ्यावर माप ओलांडून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो गाठोडीकडे बघून. "हे रुखवतातलं का गं?"

सासूबाई मूळच्या पेणच्या. उंच, काटक, आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याआधी लाइन जागी व्हायची. त्यांचा अभिमान म्हणजे त्यांचं अंगण. क्वार्टरपुढची जमीन सगळी मुरमाची, ओबडधोबड. तिथे त्यांनी माती टाकून, पाणी मारून, चोपण्यानं धोपटून धोपटून, शेणानं सारवून असं अंगण केलं होतं की भात सांडला तर वेचून खावा. मधे तुळस. बाकी गवताचं पातं नाही. चपला घालून कुणी त्यावर पाय ठेवला तर कारखान्याचा साहेब असला तरी ऐकून घ्यायचा. उन्हाळ्यात लाइनीतल्या अर्ध्या बायका आपली वाळवणं आमच्या अंगणात घालायच्या, आणि पापडाला एक खडा लागला नाही हे सासूबाई दर वर्षी सगळ्यांना ऐकवायच्या.

अशा अंगणात मी म्हटलं, मला एक वाफा हवा.

"वांगी लाव, मिरची लाव," त्या म्हणाल्या, "खाण्याच्या कामाचं काही लाव."

"फुलं लावायचीत."

"कसली?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, वास असतो का? नसतो म्हटलं. "मग देवाच्या डोक्यावर काय ठेवायचं, रंग? वास नाही, गजऱ्याला उपयोग नाही, विलायती मेलं. देवाला चालत नाही, बाईला चालत नाही, ते झाड कुणाच्या कामाचं?" शेवटी मामंजींनी पेपरातून डोकं वर काढलं आणि कुंपणाच्या कडेची एक पट्टी मला देऊन टाकली. मामंजी वर्षातून एकदोनदाच बोलायचे, पण बोलले की ते ठरलं.

ती पट्टी म्हणजे शुद्ध दगड. मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि पहार घेऊन मुरूम फोडत बसलेली. येणारीजाणारी थांबून बघायची. बघेनात का! हात-दीड हात खणलं, खाली विटांचे रोडे अंथरले, वर नदीची वाळू, शेणखत, चुलीतली राख आणि बदलापूरकडून भाताच्या शेतातली माती आणवली. जमिनीपासून वीतभर उंच गादी वाफा केला. कारण अंबरनाथचा पाऊस म्हणजे काही पुण्याची भुरभुर नव्हे, चार महिने आभाळ फाटलेलं, मूळ कुजायला एक आठवडा पुरे. लाइनीतले सगळे वाफे आषाढात तळी होऊन बसले. माझा उभा होता.

आणि नवरात्रात तो फुलला. काय सांगू! कंबरेएवढी झाडं, वरपासून खालपर्यंत फुलांनी लगडलेली, पानच दिसेना. निळसर जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळा डोळा, आणि त्यावर फुलपाखरांची नुसती झुंबड. कारखान्याच्या मोठ्या साहेबांची बाई मोटार थांबवून उतरली. चपला काढून अंगणात आली, हे विशेष. मला म्हणाली, एक झाड द्याल का? मी म्हटलं, "आत्ता नाही. पौषात फुटवे वेगळे करते तेव्हा माणूस पाठवा." आमचे हे आत दाराआड घाम पुसत उभे होते. बाई गेल्यावर म्हणाले, "अगं, साहेबाची बायको ती!" मी म्हटलं, "असेल. झाडाला काय त्याचं?"

सासूबाई ऐकत होत्या. त्या दिवशी मला वाढताना तूप जरा सढळ पडलं. फूल मात्र त्यांनी एकही देवापुढे जाऊ दिलं नाही. मी एकदा हळूच एक गणपतीपाशी ठेवलं होतं, ते उचलून त्यांनी खिडकीत ठेवलं. टाकलं नाही, एवढं मी बघून ठेवलं.

पुढच्या वर्षी थंडीत वडील गेले. तार आली, आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भावाला मुंबईत नोकरी लागायची होती, आईला घेऊन तो तात्पुरता मामाकडे राहायला गेला, आणि घरमालकानं लगेच अंगण मोडून तिथे खोल्या काढल्या. वडिलांची बाग गेली. अ‍ॅस्टरचा एक फुटवासुद्धा कुणी उचलून ठेवला नाही, आणि कोण ठेवणार त्या गडबडीत? मी अंबरनाथला परत आले, वाफ्यापाशी बसले, मातीत हात घातला आणि पोटभर रडले. जगात त्यांच्या हातचं म्हणून आता एवढंच उरलं होतं, ह्या दगडाच्या पट्टीत. ते मी मरू देणार नव्हते. हे मी ह्यांना सांगितलं, मामंजींना सांगितलं, सासूबाईंच्या देखतही बोलले. त्यांनी फक्त मान हलवली.

त्या वेळी मला सातवा महिना होता. संक्रांत आली. हळदीकुंकवाला काय लुटायचं यावर घरात चर्चा चालली होती. लाइनीत कोणी कंगवे द्यायचं, कोणी कुंकवाच्या डब्या. माझ्या मनात आलं, पौष आहे, फुटवे वेगळे करायचेच आहेत, आणि एकाच वाफ्यात सगळं ठेवणं काही खरं नाही. म्हटलं, मी अ‍ॅस्टर लुटणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लोक वाण देतात, ही मुळं वाटणार! बायका काय म्हणतील?"

बायका तोंडावर काही म्हणाल्या नाहीत. केळीच्या सोपटात ओली मुळं बांधून मी एकेकीच्या हातात देत होते आणि प्रत्येकीला लावायचं कसं, पाणी किती, ऊन किती, हे सांगत होते. त्या "हो हो" म्हणत होत्या आणि एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. मला दिसत नव्हतं थोडंच! तेवढ्यात दारात कॅम्पातली शिवणवाली आली. उल्हासनगरला तेव्हा आम्ही कॅम्पच म्हणायचो. फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं तिथे लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये राहत होती. ही बाई घरोघर फिरून ब्लाउजं, परकर शिवायला न्यायची. ती कपडे द्यायला आली होती, घरात बायका बघून मागे फिरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं सवाष्ण ना तू? मग दारातून परत कुठे निघालीस?" तिला बसवलं, हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला. मी वाण दिलं. तिनं ते सोपट उघडून मुळांना बोट लावून बघितलं आणि पदराच्या टोकात बांधून घेतलं. एवढ्या बायकांत उघडून बघणारी ती एकटी.

मग मी बाळंतपणाला आईकडे, मामाच्या घरी गेले. निघताना ह्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, वरच्या काड्या वाळतील, घाबरू नका, रोज तांब्याभर पाणी घालत जा. ह्यांनी घातलं की! रोज, न चुकता, तुळशीला. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "अगं, पाणी घाल म्हणालीस, कुठल्या झाडाला ते नीट सांगायला नको?" यावर माणसानं काय बोलावं?

मुलगा झाला. मृग लागायच्या आत घेऊन या, असा सासूबाईंचा निरोप आला म्हणून बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर आम्ही निघालो. स्टेशनपासून टांगा. लाइनीत शिरताना मी पोराला कुंची नीट केली आणि मान उंच करून कुंपणाकडे बघितलं.

कुंपणाकडे काही नव्हतंच.

अंगण होतं. ह्या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत एकसंध, ताजं सारवलेलं, हिरवट, ओलसर. जिथे माझा वाफा होता तिथे मोठी रांगोळी घातलेली. दारात सासूबाई हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन नातवाची दृष्ट काढायला उभ्या. नवं लुगडं नेसलेल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

"कुठे गेला माझा वाफा?"

"अगं, ते वाळून कोळ झालं होतं सगळं," त्या म्हणाल्या. "नुसत्या काटक्या. बाळबाळंतीण घरात येणार आणि दारात मेलेलं झाड? मी उपटून टाकलं. वीतभर उंच होतं ते सपाट करायला दोन दिवस चोपत होते बाई. कुरडया पण छान वाळल्या तिथे."

माझं डोकं फिरलं. पोर कडेवर, शेजारच्या बायका बाळ बघायला जमलेल्या, आणि मी ओरडले, "माझ्या वडिलांना सारवलंत तुम्ही!"

असं बोलायला नको होतं, असं पुढे मला पुष्कळ जणींनी सुचवलं. का नको होतं? खरंच होतं ते. मला आजही त्याचं काही वाटत नाही.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भाकरतुकडा ओवाळला, टाकला, पोराच्या डोळ्याला पाणी लावलं, माझ्या पायावर पाणी घातलं, सगळं रीतसर केलं. मग आत गेल्या. मी पोराला ह्यांच्याकडे दिलं, खुरपं घेतलं आणि रांगोळी मोडून त्या चोपलेल्या जमिनीत खणत बसले. चांगलं कोपरभर खणलं. हाताला लागले ते सुतळीसारखे वाळके दोरे. मोडले की धूळ व्हायची. एक हिरवा ठिपका नाही. वर महिनोन्महिने पाणी नाही, ऊन असं, आणि शेणानं लिंपलेली दगडासारखी घट्ट जमीन. झाड चिवट आहे, पण त्याच्या चिवटपणालाही काही सुमार आहे की नाही? संपलं, म्हटलं. वडील आता खरे गेले.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोराला पाजत होते, तर शेजारीण धापा टाकत आली. "अहो, तुमच्या सासूबाईंना काय झालंय? घरोघरी जाऊन संक्रांतीचं वाण परत मागतायत!"

मला खरंच वाटेना. वाण परत मागणं? दिलेलं वाण परत घेणं म्हणजे आपल्या हातानं आपलं सौभाग्य घालवणं, असं मानणारी ती पिढी. हळदीकुंकवात एखादीला चुकून दोन कंगवे गेले तर सासूबाई तिला म्हणायच्या, राहू दे, दिलेलं परत घेत नाहीत. आणि त्या, लाइनीतल्या प्रत्येक दारात उभ्या राहून विचारत होत्या, "माझ्या सुनेनं दिलेलं झाड जगलंय का? मला परत हवंय."

कुणाकडे जगलेलं नव्हतं. एकीनं ते सोपटातच ठेवून दिलं होतं. एकीनं लावलं आणि बकरीनं खाल्लं. एकीनं मोरीच्या पाण्यात बुडवून कुजवलं. एकीला तर ते आठवेचना. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरसुद्धा गेल्या. तिथल्या माळ्यानं सांगितलं की साहेबांची बदली झाली, बाईंनी कुंड्या सोबत नेल्या. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

दिवेलागणीला आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर अर्धा कापलेला रॉकेलचा डबा, लुगड्याचा काठ धुळीनं भरलेला. डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यात काळ्याभोर मातीत हिरव्यागार फुटव्यांची दाटी झालेली. पानाला नुसतं बोट लावून मी ओळखलं.

"घे," त्या म्हणाल्या. "अर्धा आहे. अर्धा तिनं ठेवून घेतला, आणि बरोबर केलं."

उन्हातून चालत कॅम्पात गेल्या होत्या. सगळ्या बराकी सारख्या, बाईचं नाव माहीत नाही, हिंदी येत नाही. पुढचं मला शिवणवालीनंच सांगितलं, कपडे न्यायला आली तेव्हा. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सासूबाई बराकीच्या टोकाला उभ्या राहून म्हणे हातानं मशीन चालवल्यासारखं करून दाखवत होत्या, आणि कॅम्पात शिवणकाम करणाऱ्या बायका काय थोड्या? एकेक जण त्यांना एकेकीकडे नेऊन सोडत होती. शेवटी ही भेटली. दाराशी डब्यात अ‍ॅस्टर, कपडे धुतलेलं पाणी निवळून त्याला घालत होती. सासूबाई डबा बघून तिथे पायरीवरच बसल्या.

"मैं बोली, अम्मा, आपके लोगों में तो दिया हुआ वापस नहीं लेते ना?" शिवणवाली म्हणाली. "तो आपकी सास क्या बोली मालूम? बोली, पाप लगेगा तो मेरेकू लगेगा, तू झाड दे."

हे ऐकताना सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. सूप थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पुन्हा सुरू झालं.

डबा आणला त्या रात्री मला पटकन झोप लागली. सकाळी जाग आली ती पहारीच्या आवाजानं. बाहेर येऊन बघते तर सासूबाई पदर खोचून अंगण फोडत होत्या. कुंपणाकडे नव्हे. मधोमध, तुळशीपुढे, जिथे त्यांचं सारवण सगळ्यांत गुळगुळीत होतं तिथे. सारवणाचे पापुद्रे उडत होते, खालचा मुरूम निघत होता.

"आई, अहो काय करताय! तिकडे कडेला..."

"कडेला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दिसलं नाही म्हणून घोटाळा झाला. इथे आता सारवायला गेले तर ठेच लागेल मला. नुसती बघत काय उभी राहिलीस? खाली रोडे घालायचे ना? आण."

मी रोडे आणले. दोघींनी वाफा केला. मामंजी पेपर खाली ठेवून बघत होते. फुटवे मी लावले, पाणी त्यांनी घातलं. माफी मागितली का? छे! त्यांनीही नाही आणि मीही नाही. आम्ही दोघी तसल्या बायकाच नव्हतो. पण पुढे उन्हाळ्यात वाळवणं घालायला बायका आल्या आणि एकीनं "अंगणाची शोभा गेली हो" म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी तिच्या पापडांची परात तिच्या हातात परत दिली.

वाफा दर वर्षी वाढला. मधलं म्हातारं काढायचं, कडेची पोरं लावायची. फुटवे मागायला आता बायकाच येऊ लागल्या, आणि सासूबाई प्रत्येकीला आधी विचारायच्या, "उन्हाळ्यात वाळलं तर उपटणार नाहीस ना?" वांगणीपासून विठ्ठलवाडीपर्यंत कुठे कुठे ते झाड गेलं. फूल मात्र देवाला अजूनही नाही. मीही कधी विषय काढला नाही.

मुलगा तीन वर्षांचा झाला. घटस्थापनेच्या दिवशी आजेपाडवा असतो. आईचे वडील गेलेले असतील तर मुलीच्या मुलानं त्या दिवशी आजोबांना पाणी द्यायचं. मला वाटलं होतं, मुलगा लहान आहे, कुणाच्या लक्षात नसेल. सासूबाईंनी आठ दिवस आधी बदलापूरच्या गुरुजींना सांगून ठेवलं होतं.

गुरुजी आले. त्यांना त्या सकाळी आणखी बऱ्याच घरी जायचं होतं, त्यामुळे घाईत. पोराला सोवळ्याचा इवलासा पंचा नेसवला, पाटावर बसवलं. पळी, पंचपात्र, तीळ, दर्भ. गुरुजींनी फुलांच्या ताटलीवरचं पान उचललं आणि थांबले. ताटलीत तगर नव्हती, जाई नव्हती. सकाळच्या दवानं ओला, नुकता तोडलेला अ‍ॅस्टर होता, शीगभर.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मी तोडला नव्हता.

"वहिनी," गुरुजींनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "हे काय ठेवलंत? हे चालायचं नाही. पितरांना पांढरं फूल लागतं. हे रंगीत, त्यात विलायती. आणि वाससुद्धा नाही ह्याला."

आत वडे तळत होते. सासूबाई झारा हातात घेऊन तशाच बाहेर आल्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "हे झाड ह्याच्या आजोबांचं आहे. त्यांनी पोरीबरोबर माझ्या घरी धाडलं. ते एकदा मी मारलं आणि एकदा मी मागून आणलं. त्यांना काय चालतं ते तुम्ही मला सांगू नका." मग पोराकडे वळल्या. "घे रे राजा. आजोबांना त्यांचं फूल दे."

पोरानं मूठ भरून फुलं उचलली, देठापानांसकट, आणि ठेवली.

"आणखी दे," सासूबाई म्हणाल्या. "पुष्कळ आहेत आपल्याकडे."